सातवी गोळी

आमच्या भागात गुप्तहेराचं काही खरं नाही. अनोळखी माणूस एसटीतून उतरला की पानठेल्यावरचा पहिला माणूस विचारतो, "कोनाकडचे पावने जी तुमी?" दुसरा विचारतो, "चहा घेता काय?" चहा संपेपर्यंत पाहुण्याच्या मामाचं गाव, बायकोचं माहेर अन् यंदा धान किती पोते झालं, सगळं बाहेर आलेलं असतं. काळा गॉगल लावून, कोटाची कॉलर उभी करून इथं कोणी दोन दिवस लपून दाखवावं. तिसऱ्या दिवशी त्याला कोणाच्या तरी बारशाचं आवतन येते.

म्हणून गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास आमच्या लेखक भाऊंनी नवीन नाटक वाचून दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे पडते. दोन दोस्त, एक गुप्त कामगिरी, पोट धरून हसवणारं पण फाइटवालं. असं त्यांनीच पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

नाटक पडलं नाही. मध्ये त्याचा शेवट मात्र माझ्यामुळे पडला. माझ्या हातून म्हणत नाही, काखेतून. ते पुढे येते.

मी नट नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड वाजवतो. उन्हाळ्यात तेच मशीन घेऊन लग्नाच्या वरातीत असतो, पावसाळ्यात दीड एकर धान करतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर अन् गडचिरोली हा धानाचा, तलावांचा, जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, अन् रात्री नाटक. मंडळांचा मुख्य अड्डा वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा, आमच्या तोंडात वडसाच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी दिली. मधली वर्षं बैल गोठ्यात होते, नाटकवाले मात्र रस्त्यावरच होते. झाडीपट्टीचे जुने नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गाडीत पेढे वाटले गेले, अन् ड्रायव्हरनं दोनदा घेतले.

रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो. संपते तेव्हा कोंबडा आरवून मोकळा झालेला असतो. एवढा वेळ माणसाला जागं ठेवायचं, तेही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, अंगावर चादर, मांडीवर झोपलेलं पोरगं, तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. नुसतं हसवून जमत नाही, नुसतं रडवूनही नाही. दोन्ही लागते, अन् वरून एक सणसणीत फाइट लागते.

आता माझ्या मशीनबद्दल. रोलँड कंपनीनं पहिलं ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आणलं. माझं तेवढं जुनं नाही, पण नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून उतरलेलं आहे. आठ रबरी पॅड, दोन काड्या. कोणत्या पॅडवर कोणता आवाज ठेवायचा ते आपल्या हातात. माझ्याकडे एक अन् दोनवर ढोल-ताशाचा माल, तीनवर थप्पड, चारवर बंदूक, पाचवर काच फुटणं, सहावर ते 'टुंइंग', जे केळीच्या सालीवरून घसरताना वाजते. सात-आठ प्रयोगाप्रमाणे बदलतो.

म्हणजे बघा, मार अन् हशा दोन्ही माझ्यासमोर वीतभर अंतरावर पडलेले असतात. तीन अन् सहा. चुकून काडी इकडची तिकडे गेली तर बापानं पोराला मारलेली थप्पड 'टुंइंग' करते. झालंय असं. बाप झालेल्या नटानं मध्यंतरात माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

स्टेजवर व्हिलनची मूठ हिरोच्या गालापासून लांबच थांबते. मार आवाजात असतो. हे काम शिकायला मला चार सीझन लागले, कारण मी मारणाऱ्याचा हात पाहत होतो. हात पाहायचा नाही. खाणाऱ्याची मान पाहायची. मान फिरली की तीन नंबर. मान फिरण्याआधी आवाज आला तर लोकांना कळते की वाजवणारा वेगळा आहे, अन् एकदा ते कळलं की रात्रभर ते माझ्याकडेच पाहतात.

विनोदाचं याच्या उलट. विनोदी नटाची मान, हात, पाय काहीच पाहून उपयोग नाही, लोकांकडे पाहावं लागते. हशा समोरच्या चटईवरून सुरू होतो, मग मागं खुर्च्यांकडे जातो, सगळ्यात शेवटी पोचतो मंडपाच्या बांबूला टेकून उभ्या असलेल्या पोट्ट्यांकडे. तो मागं पोचून उतरायला लागला की पुढचा आवाज द्यायचा. अन् खर्रावाल्यांचा हिशोब वेगळा. तोंडात खर्रा असलेला माणूस तोंड उघडत नाही, नाकातून हसतो. ज्या गावात खर्रा जास्त, तिथं नवीन नटाला वाटते आपला विनोद पडला. खांदे पाहा म्हणून सांगावं लागते.

नाटकाची गोष्ट अशी. शहरातून एक गुप्तहेर साहेब येतो. उंच, इस्त्रीचा कोट, कमी बोलणारा. राइस मिलच्या गोदामात पोत्यांखाली काही भलतंच दडवलंय, त्याचा छडा लावायचाय. गावात त्याचा शाळेतला दोस्त आहे, तो मिलवर मापारी, म्हणजे धान मोजणारा. साहेबाला दोस्त नको आहे, फक्त गोदामाची किल्ली पाहिजे. मापाऱ्याला मात्र वीस वर्षांनी दोस्त भेटलाय, त्यामुळे तो किल्लीसोबत स्वतः येतो, डबा घेऊन येतो, अन् साहेबानं लपायचं ठरवलं की सगळ्या गावाला सांगून येतो की आमचा साहेब लपला आहे, कोणी आवाज करू नका.

मापाऱ्याचं काम करणारे आमचे काका साठीच्या जवळ आलेले. स्वतः पंधरा वर्षं धानाच्या काट्यावर होते. ज्यांनी जुनं माप पाहिलंय त्यांना माहीत असेल, मापारी मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. काकांनी तालमीत ते सहज म्हटलं अन् लेखक भाऊंनी तिथंच वही काढली.

त्यातून नाटकाचा सगळ्यात चांगला सीन झाला. गोदाम. साहेब अन् मापारी पोत्यांमागं दबलेले. समोर व्हिलन, हातात सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. लाकडाचं, काळा ऑइलपेंट दिलेलं, पण लांबून झकास दिसते. तो गोळी झाडतो, मी चार नंबर मारतो: धाड! पोत्यांमागून काकांचा आवाज, एकदम शांत, काट्यावरचा:

"लाभ."

धाड!

"दोन."

साहेब दात-ओठ खाऊन म्हणतो, "काय बडबड करून राहिलास?"

"मोजून रायलो सायेब. हाताले सवय हाय."

धाड! "तीन."

या जागेवर लोक हसतात अन् त्याच वेळी श्वासही धरतात, कारण प्रत्येक गोळीला व्हिलन एक पाऊल पुढे येते. मी दर गोळीमधलं अंतर थोडं थोडं वाढवत नेतो. पाचवीनंतर तर इतकं थांबतो की कोणाचं तरी पोरगं मंडपातून ओरडते, "पाच झाल्या ना!" लोक मोजायला लागलेले असतात. मग सहावी. काका उभे राहतात, धोतराची धूळ झटकतात, दोन्ही हात पसरून म्हणतात, "खाली झालं माप!" अन् दोघं व्हिलनवर झेप घेतात. तिथून पुढे दोन मिनिटं मला मान वर काढायची फुरसत नाही.

मला हा सीन का आवडते ते सांगतो. यात विनोद मारामारी थांबवून घातलेला नाही. बऱ्याच नाटकांत अन् मोठाल्या सिनेमांतही काय होते, चार ठोसे, मग एक चावट डायलॉग, परत चार ठोसे. फोडणीत मोहरी तडतडायच्या आत पाणी ओतल्यासारखं. इथं विनोद अन् भीती एकाच मोजणीवर चाललेले. काका विनोद करतच नाहीत. ते आपलं काम करतात. माणूस मरायच्या गोष्टीत एक जण धानाचं माप करून राहिला, एवढंच.

सुरुवातीचे आठ-नऊ प्रयोग मस्त गेले.

मग जानेवारीत वैनगंगेच्या काठच्या एका गावात प्रयोग होता. नदीवरून असा वारा येत होता की ऑर्गनवाल्यानं हातमोज्यांची बोटं कापून घातली होती. सहावी गोळी मारून मी दोन्ही काड्या काखेत धरल्या अन् बोटांवर फुंकर मारायला लागलो. काका उभे राहिले. हात पसरले. "खाली झालं माप!"

काखेतली एक काडी घसरली अन् बरोबर चार नंबरवर पडली.

धाड!

मंडपात सुई पडली तर ऐकू यावी अशी शांतता. काकांचे हात तसेच पसरलेले. त्यांनी व्हिलनकडे पाहिलं. व्हिलननं आपल्या लाकडी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, खरंच पाहिलं, नळीत डोळा घालून. काकांनी हळूच छाती चाचपली, पोट चाचपलं, धोतराची गाठ चाचपली. मग जसे उभे राहिले होते तसेच पोत्यांमागं परत बसले अन् आतून आवाज आला:

"मापात पाप हाय जी!"

हशा किती वेळ चालला ते घड्याळात पाहिलं नाही. पण आमच्या तबलेवाल्यानं तेवढ्यात खर्र्याची पन्नी काढली, सोडली, निवांत घोटला, अर्धा मला दिला अन् अर्धा तोंडात टाकला. इतका वेळ.

नाटक सुटल्यावर मी शिव्या खायची तयारी करून गाडीजवळ उभा होतो. दिग्दर्शक दादा आले अन् त्यांनी मला मिठीच मारली. "उद्यापासून सातवी गोळी पक्की. काडी रोज पाड."

पुढचे तीन प्रयोग मी काडी रोज पाडली. मुद्दाम पाडलेली काडी अन् चुकून पडलेली काडी यांत फरक असते, पण काका एवढे कसलेले की हशा तेवढाच यायचा. दादा खूश. बुकिंग करणारा खूश.

बिघडलं ते शेवटी. नाटकाच्या शेवटच्या सीनमध्ये व्हिलन साहेबाच्या म्हाताऱ्या आईवर तेच रिव्हॉल्व्हर रोखते. सगळे दिवे कमी, एकच लाल फोकस. आधीच्या प्रयोगांत इथं बाया पदर तोंडात धरत. आता तिसऱ्या प्रयोगाला मागून कोणीतरी ओरडलं, "मापून मार बे!" अन् सगळा मंडप खदखदला. म्हातारीचं काम करणारी ताई हात जोडून उभी, डोळ्यांत खरं पाणी, अन् समोर हजार माणूस हसून राहिलं.

व्हिलनचं काम करणारा नट आमच्या मंडळातला सगळ्यात जुना. रस्त्यानं जाताना बाया पोरांना त्याच्यापासून ओढून घेतात, अन् त्याला तो आपला मान समजते. त्या रात्री तो विंगेत येऊन मिशा उपटून बसला. मला म्हणाला, "माह्या बंदुकीची टिकल्याची बंदूक केली गा तू."

दिवाळीत पोट्टे टिकल्यांची बंदूक फोडतात ना, ती. मला ते लागलं.

मी दादांना म्हटलं की सातवी गोळी काढू. ते म्हणाले, "लोक हसाले येते बाबू. एवढा हशा कोन सोडते?" त्यांचंही खोटं नव्हतं. अन् ऑक्टोपॅडवाल्याचं नाटकाबद्दलचं मत म्हणजे वरातीत घोड्याचं मत.

पण मला कारण सापडत नव्हतं. काका गोळ्या मोजतात तेव्हाही लोक हसतातच, मग तेव्हा बंदूक लहान का होत नाही? सातवीला का होते? लहानपणी आमच्या गावात भाड्यानं व्हिडिओ आणून 'झपाटलेला' लावला होता. १९९३ चा सिनेमा, आमच्याकडे दोन वर्षांनी पोचला. लक्ष्मीकांत बेर्डेवर आम्ही हसून हसून लोळलो. पण रात्री अंगणात लघवीला जायला कोणी तयार नव्हतं, कारण रामदास पाध्यांचा तो बाहुला. तात्या विंचू सिनेमाभर कोणासाठीच विनोदी नाही. लक्ष्या घाबरतो ते पाहून आपण हसतो, पण बाहुल्यावर हसत नाही. दोन तास हसून घरी जाताना भीती घेऊन गेलो आम्ही. मग आमच्याकडे नेमकं काय सांडलं?

उत्तर मिळालं ते परतीच्या गाडीत, पहाटे पाचला, माझ्या भाच्याच्या मोबाइलवर. भाचा नागपूरला शिकते, सुट्टीत आमच्यासोबत सामान उचलायला येते. त्यानं 'स्पाय' नावाचा इंग्रजी सिनेमा लावला होता. २०१५ चा, पॉल फीग नावाच्या दिग्दर्शकाचा. एकच मोबाइल, अन् मागच्या सीटवर चार डोकी. काका मधोमध.

त्यात एक रुबाबदार गुप्तहेर आहे, अन् त्याला कानातल्या यंत्रातून वाट सांगणारी एक बाई आहे, ऑफिसात खुर्चीवर बसून. मेलिसा मॅकार्थी. ऑफिस अमेरिकेच्या सीआयएचं, पण तळघरातलं, अन् तिथं उंदीर अन् वटवाघळं. काका म्हणाले, "हे तं आपल्या तालुक्यावानी हाय!" सुरुवातीलाच तो रुबाबदार साहेब एका बदमाशावर पिस्तूल रोखते. बाँब कुठं लपवला ते फक्त त्या बदमाशाला माहीत. साहेब अगदी ऐटीत विचारते, सांग. अन् त्याला शिंक येते. शिंकेसरशी गोळी सुटते. बदमाश जागीच ठार.

आम्ही चौघं असे हसलो की ड्रायव्हरनं गाडी हळू केली. पहिले काका थांबले. म्हणाले, "पन तो मेलाच ना बे."

"हाव."

"उठला नाई."

"नाई."

"अन् बाँबचा पत्ता त्याच्यासंगंच गेला."

पुढचा सगळा सिनेमा त्या शिंकेचा हप्ता फेडत जाते. ऑफिसातली बाई मग स्वतः मैदानात उतरते. तिला नकली ओळख मिळते ती अशी की कोणी ढुंकून पाहू नये, अन् गुप्त हत्यारं दिली जातात ती मूळव्याधीच्या अन् बद्धकोष्ठाच्या औषधांच्या रूपात. इथं आम्ही परत हसलो. पण तिच्या हातून पहिला माणूस मरते तेव्हा तिला उलटी होते. एका स्वयंपाकघरात तिची नर्गिस फाक्रीशी मारामारी आहे. हो, तीच आपल्या हिंदी सिनेमातली. त्या मारामारीत ही तवा धरून चाकू अडवते. मला तो सीन परत परत ऐकावा वाटला. ऐकावा म्हणतो, कारण मी फाइट डोळे मिटून ऐकतो, सवय झालीय. तवा हे विनोदी हत्यार आहे, चाकू नाही. तवा पाहून हसायचं अन् चाकूला भ्यायचं, दोन्ही एकाच सीनमध्ये, अन् कोणी कोणाची जागा घेत नाही.

त्यातच जेसन स्टॅथम आहे. एरवी ॲक्शनचा हिरो, इथं नुसत्या बढाया मारणारा. आपला एक हात तुटला होता तो दुसऱ्या हातानं जोडला, असलं काहीतरी सांगते, अन् चेहऱ्यावरची इस्त्री मोडत नाही. हसला असता तर मेला असता. हे आमच्या साहेबाचं काम करणाऱ्या नटाला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाखवलं, कारण तो काकांच्या डायलॉगवर खाली मान घालून हसत होता.

पण मुद्द्याची गोष्ट शिंकेची. तिथं गोळी चुकून सुटली, तरी तिनं काम केलं. माझी सातवी गोळी चुकून सुटली अन् कोणाला लागलीच नाही. बंदूक समोर, माणूस समोर, आवाज झाला, अन् काका छाती चाचपून सुखरूप बसले. त्या क्षणाला लोकांनी ओळखलं की या बंदुकीत आवाजच आहे. सहा गोळ्या पोत्यांना लागत होत्या, सातवी हवेत विरली. व्हिलनच नळीत डोळा घालून पाहत असेल तर लोकांनी काय भ्यायचं?

गाडी वडशाजवळ आली तेव्हा काका एकदम म्हणाले, "मंग सातवी लागू दे ना मले."

दादांना पटवायला दोन दिवस गेले. त्यांना भीती हशा मरण्याची. तालीम एका शाळेच्या व्हरांड्यात झाली. खर्र्याची रिकामी पन्नी घेतली, कुंकू खोबरेल तेलात पातळ करून तीत भरलं, गाठ मारली अन् काकांच्या बंडीच्या बाहीत, दंडाजवळ, लपवली. पहिल्या तालमीत ती उभं राहतानाच फुटली अन् काका गोळी लागायच्या आधीच जखमी झाले. दुसऱ्या वेळी फुटलीच नाही. तिसऱ्या वेळी दाभणानं गाठीजवळ बारीक टोचून ठेवली, मग जमलं.

आता सीन असा होते. "खाली झालं माप!" मी काडी पाडत नाही, नीट मारतो, पूर्ण जोरानं, आधीच्या सहांपेक्षा मोठी. धाड! व्हिलन नळीत पाहत नाही. तो फक्त थोडंसं हसते, कारण त्याच्याकडे दुसरी बंदूक होती, डाव्या हातात. काका छाती चाचपतात, पोट चाचपतात, पोत्यांमागं बसतात. "मापात पाप हाय जी!" हशा तोच, तेवढाच. तो चटईवरून खुर्च्यांकडे जाते, खुर्च्यांवरून बांबूकडे. अन् तो तिकडे पोचत असतानाच काका चाचपलेला हात वर करून पाहतात. हात लाल.

पुढच्या चटईवरचं हसू बंद झालेलं असते तेव्हा मागचे पोट्टे अजून हसतच असतात. मग त्यांचंही बंद होते, ओळीओळीनं, जसं आलं होतं तसंच.

इथं ऑर्गनवाल्याला दुःखाचा सूर द्यायचा होता. दादांनाही हवा होता. मी हात जोडले. म्हटलं, काही नको, मी पण काही वाजवत नाही. दोन्ही काड्या मांडीवर ठेवतो. आठ ठोक्यांइतकं थांबायचं, मनात मोजत. इतकी वर्षं आवाज विकून खाल्ले, पण त्या आठ ठोक्यांना जेवढा घाम येते तेवढा फाइटला येत नाही.

आठ ठोके झाले की साहेब, ज्यानं नाटकभर या दोस्ताला झुरळासारखं झटकलं, तो आपला इस्त्रीचा कोट फाडते. चर्रकन. ताईंनी शिवण रोज मुद्दाम कच्ची घातलेली असते. कोटाची बाही काकांच्या दंडाला बांधते. काका दुखत्या आवाजात म्हणतात, "आता तूच मोज गा. माह्यानं चुकते."

व्हिलन परत रोखते. धाड!

साहेब म्हणते, "एक."

अन् काका, दंड धरून, डोळे मिटलेले, त्याला दटावतात, "लाभ म्हन बे. एक नोको म्हनू."

पहिल्यांदा हे झालं त्या गावाचं नाव सांगत नाही, पण तिथं खर्रा भरपूर. तरी त्या जागी तोंड उघडून हसणारी माणसं मी पाहिली, अन् त्यांतली दोन-चार शेल्याच्या टोकानं डोळे पुसत होती. शेवटच्या सीनला, म्हातारीवर बंदूक रोखली तेव्हा, मागून कोणी काही ओरडलं नाही. व्हिलनला विंगेत आल्यावर मी विचारलं, "कसं?" तो मिशा सांभाळून काढत म्हणाला, "एक पोट्टं रडलं. दुसऱ्या लाइनीत." असा खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

सगळंच काही सुधारलं नाही. मधला एक गाण्याचा सीन अजून लांबच आहे, पण तो ज्या ताईचा आहे तिच्या नावावर बुकिंग येते, म्हणून कोणी हात लावत नाही. अन् साहेबाच्या कोटाचं कापड दर आठ दिवसांनी नवीन लागते, त्याचा खर्च कोणी करायचा यावर अजून भांडण चालू आहे.

होळीजवळ सीझन संपला. मी मशीन पुसून, चार नंबरच्या पॅडला नवीन रबर टाकून ठेवलं, ते मधोमध पार झिजलं होतं. परवा दादांचा फोन आला. पुढच्या सीझनला याचा दुसरा भाग करायचा म्हणतात. यंदा दोन व्हिलन, चार बंदुका, चोवीस गोळ्या.

मी म्हटलं, "दादा, काकांना विचारलं काय?"

"हाव. ते म्हनते, चोवीस गोळ्या म्हनजे आता पोत्यानं मोजा लागन."